शुक्र बुधापेक्षा गरम का? ग्रहांच्या तापमानाचा तक्ता करायचा आहे

सदाफुली
आठवी-नववीच्या मुलांसाठी ग्रहांच्या तापमानाचा भिंतीवर लावायचा तक्ता करतेय. एक रकाना सूर्यापासूनच्या अंतराचा, दुसरा तापमानाचा. अंतर वाढत जाईल तसं तापमान उतरत जायला हवं, पण दोन ठिकाणी घोडं अडतं. बुध ०.३८७ खगोलीय एककावर (१ एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), शुक्र ०.७२३ वर. बुधावर शुक्राच्या साडेतीन पट ऊन पडतं, तरी शुक्राची जमीन ४६४ अंश सेल्सिअस आणि बुधाची ऐन दुपार ४३० च्या आसपास. दुसरी अडचण युरेनस-नेपच्यूनची. नेपच्यूनला युरेनसच्या जेमतेम ४० टक्के ऊन मिळतं, आणि थंडी मात्र दोघांची सारखीच.

'हरितगृह परिणाम' एवढंच लिहून हात झटकायचे नाहीत. मुलांना स्वतः आकडेमोड करून पडताळता येईल असे कोणते रकाने ठेवावेत?

वऱ्हाडी_मिरची
तक्त्यात चंद्रपूर कुठं टाकता ते सांगा आधी. मे महिन्यात आमचा नंबर शुक्राच्या मागंच लागते बाप्पा.

दुर्बीणवाला
सदाफुली, तिसरा रकाना 'नुसत्या उन्हावरचं तापमान' असा ठेवा. साधा कॅल्क्युलेटर पुरतो:

१ मधून अल्बेडो (ग्रह किती प्रकाश परत फेकतो तो अपूर्णांक) वजा करा. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. २७८.५ ने गुणा. अंतराच्या (खगोलीय एककातल्या) वर्गमूळाने भागा. उत्तर केल्विनमध्ये येतं, २७३ वजा केले की सेल्सिअस.

बुध, अल्बेडो ०.०७: ४४० केल्विन, म्हणजे १६७ अंश.
शुक्र, ०.७६: २२९ केल्विन, म्हणजे उणे ४४.
पृथ्वी, ०.३०: २५५ केल्विन, उणे १८.
मंगळ, ०.२५: २१० केल्विन, उणे ६३.

शुक्राकडे नीट बघा. ढग इतके पांढरे की तीन चतुर्थांश ऊन आल्या पावली परत जातं. गोलाकार पृष्ठभागावर सरासरी काढली तर शुक्र दर चौरस मीटरला सुमारे १५६ वॅट पचवतो आणि पृथ्वी २३८. म्हणजे सूर्याजवळ असूनही शुक्राच्या पदरात आपल्यापेक्षा कमी उष्णता पडते. नुसत्या उन्हाच्या हिशेबाने तिथे बर्फ हवा होता. हिशेब आणि मोजमाप यांत ५०० अंशांची तफावत आहे, आणि त्या तफावतीचं कारण म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

मंदाकिनी_प
दुर्बीणवाल्यांच्या कृतीत मुलं हमखास अडखळतात अशा जागा:

१) ऊन पडतं ते ग्रहाच्या चकतीवर आणि उष्णता बाहेर जाते सगळ्या गोलावरून, म्हणून चारने भागायचं असतं. २७८.५ मध्ये तो भागाकार आधीच धरलेला आहे. कुणी मूळ सूत्रापासून सुरुवात करून चार विसरलं तर पृथ्वी ८७ अंश येते.

२) अल्बेडो दोन प्रकारचे मिळतात. भौमितिक अल्बेडो ग्रह समोरून किती उजळ दिसतो ते सांगतो. इथे लागतो बाँड अल्बेडो, जो सगळ्या दिशांना आणि सगळ्या रंगांत परत गेलेली ऊर्जा मोजतो. युरेनसचा भौमितिक ०.४९ च्या आसपास आणि बाँड ०.३० आहे. चुकीचा घेतला तर ५८ ऐवजी ५४ केल्विन येतात. शनीचा चंद्र एन्सेलेडस, त्याचा भौमितिक अल्बेडो तर १ च्या वर जातो. सूत्रात घातलात तर कॅल्क्युलेटर एरर दाखवेल.

३) बुधाचं 'सरासरी तापमान १६७ अंश' असं अनेक तक्त्यांत छापलेलं असतं. ते कुणी तापमापक लावून मोजलेलं नाही, ते याच सूत्राचं उत्तर आहे.

शंकेखोर
इतकी आकडेमोड कशाला? शुक्रावर हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट आहे. दाबली की हवा तापते, सायकलचा पंप मारून बघा, बूड चटका देतं. कार्बन डायऑक्साइडच्या नावाने बिल फाडायची गरजच नाही. मंगळावरही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, तो का गोठलाय?

दुर्बीणवाला
@शंकेखोर, पंप मारत असता तेव्हा तापतो, कारण तुम्ही काम करत असता. मारणं थांबवलं की अर्ध्या तासात गार, आतला दाब तसाच असला तरी. शुक्राची हवा आज कुणी दाबत नाहीये. दाब नुसता असणं म्हणजे उष्णतेचा पुरवठा नव्हे.

आकड्यात बघू. ७३७ केल्विनची जमीन दर चौरस मीटरला सुमारे १६,७०० वॅट अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या) किरणांनी बाहेर टाकते. वरची हवा अवरक्ताला पारदर्शक असती, नुसता ९२ बार (१ बार म्हणजे साधारण पृथ्वीवरच्या हवेचा दाब) नायट्रोजन समजा, तर ते १६,७०० वॅट सरळ अवकाशात गेले असते. येतात १५६. जमीन थंड होत होत २२९ केल्विनच्या आसपास येऊनच थांबली असती. दाब ९२ असो की ९२०, या वजाबाकीत फरक पडत नाही.

शंकेखोर
मग शुक्रावर वर चढलं की थंड का होतं? ५५ किमी उंचीवर अर्धा बार दाब आणि २७ अंश तापमान आहे. पुण्यातल्या पंख्याखालचं हवामान. दाब कमी, तापमान कमी. संबंध नाही कसा म्हणता?

ध्रुवमत्स्य
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, म्हणून भांडण मिटत नाहीये. मधला दुवा असा.

ग्रहाची उष्णता अवकाशात निसटते ती एका ठरावीक थरातून. त्या थराच्या खाली अवरक्त किरण शोषले जातात, पुन्हा टाकले जातात, सुटका नाही. त्याच्या वर हवा इतकी विरळ की किरण सुटतात. या थराचं तापमान किती असायला हवं? सूत्राने येतं तेवढंच, कारण येणं आणि जाणं तिथे जुळतं. शुक्रासाठी २२९, पृथ्वीसाठी २५५ केल्विन. आता या थरापासून जमिनीपर्यंत खाली उतरा. ढवळल्या जाणाऱ्या हवेत खाली उतरताना तापमान वाढतं, आणि या उताराशी शंकेखोरांच्या दाबाचा संबंध आहेच: खाली येणारी हवा दाबली जाते आणि तापते.

पृथ्वी: निसटण्याचा थर सरासरी ५ किमीवर, दर किमीला साडेसहा अंश. ५ × ६.५ = ३३ अंश. उणे १८ अधिक ३३ म्हणजे १५. जमिनीची मोजलेली सरासरीही १५ च.

शुक्र: हा थर ढगांच्या माथ्याजवळ, ६५ ते ७० किमीवर. दर किमीला सरासरी साडेसात अंश. ६७ × ७.५ म्हणजे जवळपास ५००. उणे ४४ अधिक ५००, उत्तर ४५६. मोजलेलं ४६४. शाळेतल्या गणिताला याहून जवळ जायची गरज नाही.

गुरुत्व आणि हवेची उष्णता साठवायची क्षमता जिना किती चढा ते ठरवतात. तो जिना किती उंचावरून सुरू होतो ते अवरक्त अडवणारे वायू आणि ढग ठरवतात. हे वायू काढून घेतले तर निसटण्याचा थर म्हणजे जमीनच, आणि जिन्याला पायरीच उरत नाही.

सदाफुली
ध्रुवमत्स्य, हे फारच कामाचं. 'उष्णता निसटण्याची उंची' हा रकाना नक्की.

कोल्हापुरी_ठेचा
+१. याच जिन्याचा शुक्रावरचाच पुरावा: मॅक्सवेल पर्वत साधारण ११ किमी उंच आहे. माथ्यावर तापमान ३८० अंशांच्या आसपास, दाब ४५ बार. म्हणजे शुक्रावरचं महाबळेश्वर. थंड हवेचं ठिकाण, शिसं मात्र तिथेही वितळेल (३२७ अंशांना वितळतं).

वऱ्हाडी_मिरची
हनिमूनले लोकं तिथंही जातीन.

मंदाकिनी_प
शंकेखोरांचा मंगळाचा प्रश्न तसाच राहिला. तो चांगला आहे, कारण 'कार्बन डायऑक्साइड जास्त म्हणजे गरम' हे सरधोपट उत्तर तिथे आपटतं.

हिशेब करा. मंगळावर दाब सुमारे ६१० पास्कल, गुरुत्व ३.७१. भागाकार १६४: दर चौरस मीटर जमिनीवर इतके किलो हवा, जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. पृथ्वीवर दर चौरस मीटरवर १०,३०० किलो हवा, पण त्यातला कार्बन डायऑक्साइड साडेसहा किलोच. मंगळाकडे आपल्या २५ पट आहे, आणि तिथलं हरितगृह तापणं ५ अंशांच्या आसपास!

कारणं दोन. वायूचा रेणू ठरावीक तरंगलांबीच्या बारीक रेषांवरच अवरक्त शोषतो. आजूबाजूचे रेणू सतत आदळत असले की त्या रेषा रुंद होतात आणि मधल्या फटी बुजतात. मंगळावर दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे रेषा अरुंद राहतात आणि फटींतून उष्णता निघून जाते. दुसरं, तिथे पाण्याची वाफ नगण्य. पृथ्वीवर सर्वांत मोठा वाटा वाफेचा आहे, आणि कार्बन डायऑक्साइडने थोडं तापवलं की ती आणखी वाढते.

शुक्रावर याच्या उलट. ९२ बारला रेषा इतक्या रुंद होतात की जवळपास सगळा पट्टा व्यापतात, उरलेल्या फटी सल्फर डायऑक्साइड, दहा लाखांत ३० भागांच्या आसपासची वाफ आणि सल्फ्युरिक आम्लाचे ढग भरतात. तरी काही बारीक फटी राहतातच. १९८४ मध्ये ॲलन आणि क्रॉफर्ड यांनी पृथ्वीवरून शुक्राच्या रात्रीच्या बाजूवर १.७ आणि २.३ मायक्रॉनला खालून झिरपणारी उष्णता पाहिली. १ मायक्रॉनला तर तापलेली जमीनच चमकताना टिपता येते.

शंकेखोर
म्हणजे दाबाचं काम आहेच, फक्त वायूच्या हातात हात घालून. इतकं मान्य असेल तर माझी तक्रार नाही.

दुर्बीणवाला
मान्य. दाब एकटा मात्र काही करत नाही.

अर्धवट_शास्त्रज्ञ
शुक्राची रात्र ५८ दिवसांची असते ना? तेवढ्यात तरी गार व्हायला हवा. बुध रात्री उणे १८० पर्यंत घसरतो.

ध्रुवमत्स्य
भागाकारच करून बघा. शुक्रावर दर चौरस मीटरवर दहा लाख किलोहून थोडी जास्त हवा आहे. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १,००० जूल. म्हणजे पूर्ण स्तंभ एका अंशाने गार करायला १०० कोटी जूल काढावे लागतात. अवकाशात जातात सेकंदाला १५६. एका अंशाला ७५ दिवस! रात्र त्याआधीच संपते. त्यात ढगांच्या माथ्याजवळचा वारा सेकंदाला १०० मीटरने धावतो आणि चार दिवसांत ग्रहाला फेरी मारतो.

बुधाला हवा नाही. वरच्या काही सेंटीमीटर धुळीत साठेल तेवढीच उष्णता, आणि धूळ उष्णतेची फार वाईट वाहक. एक सौरदिवस १७६ पृथ्वीदिवसांचा, त्यामुळे रात्री पूर्ण निचरा होतो. त्याचा अक्ष जवळजवळ सरळ उभा असल्याने ध्रुवांजवळच्या विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, आणि तिथे पाण्याचा बर्फ आहे. १९९१ मध्ये रडारने तो हेरला, २०१२ मध्ये 'मेसेंजर' यानाने पक्कं केलं. सूर्याला सगळ्यांत जवळच्या ग्रहावर बर्फ, आणि त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्यावर शिसं वितळतंय. सदाफुली, ही ओळ तक्त्यात मोठ्या अक्षरात टाका.

कोल्हापुरी_ठेचा
धूळ किती वाईट वाहक, याचा आपल्याच घरचा आकडा आहे. चांद्रयान-३ च्या विक्रमवर 'चास्टे' नावाची तापमापकांची सळई होती. ऑगस्ट २०२३, ६९ अंश दक्षिणेला. जमिनीवर ऊन तापलेलं, आणि जेमतेम ८ सेंटीमीटर खाली उणे १० अंश. शिवाय सूर्याकडे ६ अंश कललेल्या उतारावर पृष्ठभाग ८२ अंश आणि तिथून मीटरभरावर सपाटीला ५९. हवा नसली की हातभर अंतरावर हवामान बदलतं.

चंद्राचा तक्त्यात समावेश कराच. सूर्यापासून पृथ्वीइतकाच लांब, पण विनाहवेचा. सूत्राने २७० केल्विन येतात, विषुववृत्तावरची मोजलेली सरासरी २१५ केल्विनच्या आसपास.

सदाफुली
सूत्रापेक्षा कमी? विषुववृत्त तर जास्त तापायला हवं.

मंदाकिनी_प
इथे सूत्राची मर्यादा लागते. उष्णता बाहेर पडते ती केल्विन तापमानाच्या चौथ्या घातात. तापलेली दुपार प्रमाणाबाहेर उधळते. समजा अर्धा वेळ ३५० आणि अर्धा वेळ १००: साधी सरासरी २२५, पण तेवढीच उष्णता टाकणारं एकसारखं तापमान काढलंत तर ते २९५ येतं. दिवस-रात्रीचा फरक जितका मोठा तितकी साधी सरासरी सूत्राच्या खाली जाते. मंगळाचंही तेच: सूत्र उणे ६३ आणि पुस्तकातली सरासरीही उणे ६३ च्या जवळ, म्हणून कुणाला वाटेल हरितगृह शून्य. ते ५ अंश या फरकात लपलेले आहेत.

म्हणून हवा नसलेल्यांना 'सरासरी' लिहूच नका. दुपार आणि रात्र असे दोन आकडे लिहा. ऐन डोक्यावरच्या सूर्याखालचं तापमान हवं असेल तर २७८.५ ऐवजी ३९४ घ्या (यात चारने भागलेलं नाही). बुध सूर्याच्या सर्वांत जवळ ०.३०७ वर असताना ६९८ केल्विन मिळतात, म्हणजे ४२५ अंश. मोजलेले ४३०.

वऱ्हाडी_मिरची
मजाक बाजूला, एक विचारतो. पृथ्वीच्या पोटातली उष्णता कोणीच नाही धरली. वज्रेश्वरीचे कुंड काय उन्हानं तापते का?

दुर्बीणवाला
कुंडं भूगर्भानेच तापतात, पण सरासरीत तो वाटा नगण्य. पृथ्वीच्या पोटातून एकूण सुमारे ४७ टेरावॅट येतात, म्हणजे दर चौरस मीटरला ०.०९ वॅट. उन्हाचे २३८. खडकाळ ग्रहांत ही बाजू सोडून दिली तरी चालतं. तुमचा प्रश्न खरा लागू पडतो तो गुरूपासून पुढे.

ध्रुवमत्स्य
हो, आणि सदाफुलींची दुसरी अडचण तिथेच सुटते.

गुरू: सूत्राने, अल्बेडो ०.५ धरून, १०३ केल्विन. मोजलेलं १२५. चौथ्या घाताने गुणोत्तर काढलं तर मिळतं त्याच्या दुपटीहून थोडी जास्त उष्णता तो बाहेर टाकतो. (जुन्या पुस्तकांत अल्बेडो ०.३४ आणि गुणोत्तर १.६७ आहे. कॅसिनी यानाच्या मोजमापांवरून २०१८ मध्ये तो ०.५ ठरला. अर्धे आकडे जुने आणि अर्धे नवे अशी मिसळ करू नका.) जन्माच्या वेळी आकुंचन पावताना साठलेली उष्णता अजून निघतेय. शंकेखोर, तुमचा पंप इथे खरोखर चालला होता!

शनी: मिळतं त्याच्या १.८ पटीच्या आसपास. जन्मजात उष्णता एवढी पुरत नाही, म्हणून आत हेलियमचे थेंब होऊन खोल पडतात आणि त्यातून उष्णता निघते, असं मानलं जातं.

नेपच्यून: सूत्राने ४७, मोजलेलं ५९. गुणोत्तर २.६.

युरेनस: सूत्राने ५८, मोजलेलं ५९. आतून जवळजवळ काहीच नाही. व्हॉयेजर-२ ने १९८६ मध्ये मोजलेला जादा भाग ६ टक्केच होता. २०२५ मधल्या नव्या विश्लेषणांत तो १२ ते १५ टक्के निघाला. तरी भावंडांच्या मानाने कंजूषच. अक्ष ९८ अंश कलवणाऱ्या धडकेत उष्णता आधीच निघून गेली, की आतल्या एखाद्या थराने ती कोंडून ठेवलीय, यावर अजून एकमत नाही.

म्हणून ५९ आणि ५९. एक उन्हावर जगतो, दुसरा पोटातल्या शिल्लकीवर.

अर्धवट_शास्त्रज्ञ
गुरूला जमीन नाही, मग १२५ केल्विन हे तापमान नेमकं कुठलं?

ध्रुवमत्स्य
उष्णता निसटण्याच्या थराचं. खाली जाल तसं वाढतं. १ बार दाबाच्या पातळीला १६६ केल्विन. 'गॅलिलिओ' यानाने सोडलेली कुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी २२ बारपर्यंत उतरली तेव्हा तिथे १५३ अंश सेल्सिअस होते. म्हणून वायुग्रहांच्या ओळीत '१ बार पातळीला' असं लिहिलंच पाहिजे: गुरू उणे १०७, शनी उणे १३९, युरेनस उणे १९७, नेपच्यून उणे २०१.

शंकेखोर
सूर्यमालेबाहेरचे घ्यायचे का? केल्ट-९बी या ग्रहाची दिवसाची बाजू ४,६०० केल्विनच्या आसपास आहे. कित्येक ताऱ्यांपेक्षा गरम. तिथे हरितगृहाला कोण विचारतो, दीड दिवसात ताऱ्याभोवती फेरी होते इतका तो जवळ आहे.

कोल्हापुरी_ठेचा
घ्यायचे असतील तर ट्रॅपिस्ट-१बी घ्या. आपण इथे सूत्र लावलं तेच जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने उलटं लावलं. या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. हवा असती तर उष्णता मागच्या बाजूला वाहून गेली असती आणि समोरची बाजू सुमारे ४०० केल्विनवर राहिली असती. हवा नसेल आणि पृष्ठभाग काळा असेल तर ५०८. २०२३ मध्ये मोजलेले ५०३. जाड वातावरण बाद!

सदाफुली
बाहेरचे ग्रह दुसऱ्या तक्त्यात. या तक्त्यासाठी रकाने असे करते: अंतर, बाँड अल्बेडो, सूत्राचं तापमान, मोजलेलं तापमान (कुठल्या पातळीला तेही), आणि फरकाचं कारण. 'निसटण्याची उंची' फक्त शुक्र आणि पृथ्वीला. बुध आणि चंद्राला दुपार-रात्र. अल्बेडोचा रकाना मुलांनी स्वतः बदलून बघावा म्हणून पेन्सिलीने भरायचा.

मंदाकिनी_प
पेन्सिलीची कल्पना छान. शुक्राचा अल्बेडो ०.७६ वरून ०.३० करायला सांगा, म्हणजे ढग काढून पृथ्वीसारखा केला तर. सूत्र २९९.६ केल्विन देतं, साधारण २७ अंश. मग त्यांना विचारा, यात ५०० मिळवायचे का? नाही मिळवायचे, कारण ढग गेले की निसटण्याचा थरही खाली सरकतो. हा प्रश्न नववीच्या वर्गात पूर्ण तास पुरतो.

वऱ्हाडी_मिरची
अन् चंद्रपूर?

सदाफुली
पृथ्वीच्या ओळीत, कंसात.